दोन बुट्ट्यांमधला धागा

आमच्या घरी भाकरीच्या पिठात कधीकधी चमक सापडते. कधी डाळिंबी, कधी मोरपंखी, बहुतेक वेळा सोनेरी. माय परात दाराकडे, उजेडात धरते, नखाच्या टोकाने तो केसाएवढा तुकडा उचलते, पदराला पुसते आणि पुन्हा पीठ मळू लागते. माझ्या शाळेच्या वह्यांत, आप्पांच्या डब्यात, तुळशीच्या मातीत, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे धागा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असा धागा उडत असतो. पुढे शिकायला वडोदऱ्याला गेले. हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात चादर झटकली आणि तिच्यातून काहीच पडलं नाही. त्या क्षणी मला घराची पहिली खरी आठवण आली.

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत शिरा, मराठी कानावर येते आणि तिच्यात खानदेशाची अहिराणी मिसळलेली असते. महापालिकेच्या मराठी शाळा इथे आहेत. सातवीपर्यंत मी तशाच एका शाळेत शिकले. श्रावणात कानबाई देवी बसते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावी जातात, आणि दुपारचं ऊन ओसरलं की बायका ओट्यावर येऊन एकच काम करतात. त्या कामाचं नाव धड मराठी नाही, गुजराती नाही, इंग्रजीही नाही. ते नाव आहे 'धागा कटिंग'.

रिंग रोडच्या मार्केटातून साड्यांचं पोटलं येतं. साडी सुलट धरली तर पूर्ण तयार दिसते: अंगभर बुट्ट्या, काठ, पदर. उलटी केली की तिचं दुसरं रूप दिसतं. एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे धागे ताणलेले असतात, दाट, ओळीने, जणू कुणी पावसाच्या सरी आडव्या करून ठेवल्यात. जेकार्डच्या संचावर, म्हणजे नक्षीच्या यंत्रमागावर, बुट्टीचा रंगीत धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. जिथे फूल हवं तिथे तो वर दिसतो. उरलेल्या वाटेवर त्याची गरज नसते, म्हणून तो मागच्या बाजूने सरकत पुढच्या फुलापर्यंत पोचतो. साडी नेसल्यावर हेच धागे बांगडीत अडकतात, जोडव्यात अडकतात. म्हणून ते कापायचे. माय साडी गुडघ्यावर ताणून घेते, चिमटीतली छोटी कात्री कापडाला जवळजवळ चिकटवून चालवते, आणि तिच्या मांडीवर रंगाचा ढीग वाढत जातो. साडीमागे काही रुपये मिळतात. कात्री जरा खोल गेली आणि कापडाला भोक पडलं, तर ते रुपये तर जातातच, वर साडीचेही कापले जातात.

गेली काही वर्षं मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला शिकते आहे. १९५० मध्ये ही विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभागाची घडी बसवणारे ना. श्री. बेंद्रे मराठी होते, हे मला इथे आल्यावर कळलं आणि परक्या गावात कुणी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं. शेवटच्या वर्षी आम्हाला डिस्प्ले करायचा असतो. एक खोली किंवा खोलीचा कोपरा मिळतो, आणि इतक्या वर्षांत आपण काय पाहायला शिकलो ते त्या भिंतींवर मांडायचं असतं. त्या वेळी आपण शेजारी उभं राहून समजावत बसायचं नसतं. आपलं काम एकटं उभं राहतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी घरून दोन पोती धागा घेऊन आले. मायने तो महिनाभर कचऱ्याच्या गाडीत टाकला नव्हता, माझ्यासाठी वेगळा ठेवला होता. मी काचेसारख्या पारदर्शक पेट्या करून घेतल्या, रंगांप्रमाणे धागा वेगळा केला आणि पेट्यांत भरला. राणी, अबोली, बाटलीहिरवा, तपकिरी. वरून दिव्याचा झोत सोडला. पेट्या सुंदर दिसत होत्या. वर्गातली मुलं येऊन फोटो काढून गेली. रिव्ह्यूच्या दिवशी आमच्या बाई बराच वेळ एका पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रंग चांगले आहेत. पण हा धागा कापला जाण्याआधी कुठून कुठे चालला होता?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्या धाग्यात मी वाढले, तो मी फक्त कापल्यानंतरच पाहिला होता. माझ्यासाठी तो कचरा होता, मग रंग झाला; या दोन्हींच्या आधी तो कुठेतरी जात होता, हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी पेट्या रिकाम्या केल्या आणि शनिवारच्या गाडीने सुरतेला आले.

मायच्या शेजारी ओट्यावर बसून मी धागा कापायला शिकले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी चार तासांत माझ्या एका साडीचा अर्धा भागही झाला नाही. मायचा डावा हात कापड ताणतो आणि त्याच वेळी तळव्याने खालून त्याचा अंदाज घेतो; उजव्या हाताला कात्री दिसावी लागत नाही. ती बोलता बोलता कापते, शेजारणीच्या सुनेची चौकशी करते, गॅसवरच्या डाळीच्या वासावर लक्ष ठेवते. मला मात्र प्रत्येक धाग्याकडे पाहावं लागायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एका साडीला भोक पडलं. माय रागावली नाही. तिने ती साडी बाजूला घडी करून ठेवली आणि हिशोबाच्या वहीत त्या तारखेपुढे एक छोटं वर्तुळ काढलं. मागची पानं चाळली तेव्हा मला कळलं, इतक्या वर्षांच्या वह्यांत अशी वर्तुळं फारच थोडी आहेत. तिच्या कौशल्याची नोंद जगात कुठेच नाही. ती फक्त या न काढलेल्या वर्तुळांमध्ये आहे.

शिकता शिकता एक गोष्ट हाताला कळली, मग डोळ्यांना. कापलेल्या धाग्याची लांबी म्हणजे दोन बुट्ट्यांमधलं अंतर. बुट्ट्या दाट असतील तर तुकडे आखूड, विरळ असतील तर लांब. मायला हे न सांगता ठाऊक होतं. ढिगातला मूठभर धागा तिच्या हातात दिला तर ती सांगायची, हा त्या कोयरीच्या साडीचा, हा चौकटीच्या. फुलं डोळ्यांसमोर नसताना त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेवरून तिला सगळी नक्षी आठवायची. मी पेट्यांत रंग भरत बसले होते, आणि तो ढीग म्हणजे अंतरांचा ढीग होता.

आप्पा तरुणपणापासून उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, जेकार्डच्या संचावर आहेत. बारा तासांची पाळी. खात्यातल्या आवाजात इतकी वर्षं गेल्यामुळे ते घरीही थोडं मोठ्यानेच बोलतात. माझं काम ऐकून त्यांनी एका रविवारी जुन्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ आणली. आता नक्षी संगणकावरून येते, पण पूर्वी ती या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असायची. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खाली राहतो. १८०४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोझेफ मारी जाकार याने ही युक्ती बसवली, आणि पुढे याच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून गणनयंत्रांना सूचना देण्याची कल्पना निघाली. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुठ्ठा उजेडाकडे धरला, भोकांमधून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही पण कॉम्प्युटरच चालवत होतो." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्त होता.

त्या पुठ्ठ्यांवरच्या चौकटी पाहताना मला नसरीन मोहम्मदी आठवल्या. १९७२ पासून त्यांनी आमच्याच विद्याशाखेत शिकवलं. १९३७ मध्ये कराचीत जन्मलेली ही चित्रकर्ती १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीममध्ये वारली. कागदावर पेन्सिल आणि शाईने, आखणीच्या साधनांनी ओढलेल्या बारीक रेषा हेच त्यांचं मुख्य साहित्य. पहिल्या वर्षी मला त्या रेषा कोरड्या वाटल्या होत्या. आता मात्र मी आलेखाच्या कागदावर मायने कापलेले धागे एकाखाली एक ठेवून, जितका धागा तितकीच रेघ ओढू लागले, तेव्हा हात सावकाश झाला, श्वास सावकाश झाला. रेघ सरळ असली की तिच्यात काही घडत नाही, असं मला वाटायचं. प्रत्येक रेघ कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. मधल्या वाटेवर ती तुटू न देणं हेच केवढं काम आहे, हे मला तेव्हा उमगलं. नसरीन यांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावं दिली नाहीत. आमच्या डिस्प्लेत मात्र प्रत्येक कामाखाली पट्टी लावावी लागते: नाव, माध्यम, आकार. माझ्या पट्टीवरची पहिली ओळ बरेच दिवस कोरी राहिली.

मध्यंतरी आम्ही येवल्याला गेलो होतो. हातमागावर पैठणी विणणाऱ्या एका घरात मी साडीचं टोक उलटं केलं. मराठी बाईला ही परीक्षा शिकवावी लागत नाही. पैठणी खरी का यंत्रावरची हे पाहायचं तर ती आधी उलटी करते. खऱ्या पैठणीच्या दोन्ही बाजू सारख्या. मोराच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. विणकर तो रंग मोराच्या कडेपर्यंत नेतो आणि तिथूनच मागे वळवतो. धागा आपल्या फुलाबाहेर जातच नाही. त्या कापडावरून हात फिरवताना माझा घसा दाटून आला. इतकं सुंदर काही मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. आणि त्याच वेळी मायच्या मांडीवरच्या साड्यांसाठी पोटात कालवलं. येवल्याची जर पुष्कळदा सुरतेहून येते. म्हणजे सोनं आमच्या गावाहून इकडे येतं, आणि इथली नक्षी यंत्रावर चढून तिकडे जाते, ज्यांना पैठणी परवडत नाही त्यांच्या लग्नात मिरवायला. परतीच्या प्रवासात मी स्वतःला विचारत राहिले, यंत्राची साडी खोटी का? मला तसं म्हणवेना. हातमागाचा धागा आपल्या फुलातच राहू शकतो, कारण त्याला वळवायला एक हात आहे. यंत्राच्या धाग्याला असं कुणी वळवत नाही. एक फूल उमलवून त्याला पुढच्या फुलापर्यंत चालतच जावं लागतं.

आणि मग मला माझं घर दिसलं.

आप्पांचं गाव शिंदखेडा तालुक्यात. कोरडवाहू जमीन, चार भाऊ. १९९२ मध्ये ते दोंडाईचा स्टेशनावर गाडीत चढले. मराठी मनात सुरत म्हटलं की १६६४ आणि १६७० ही सालं उभी राहतात, घोडदळ येतं, लूट येते. खानदेशातल्या माणसांची सुरत वेगळी आहे. ती पॅसेंजरच्या जनरल डब्यातून, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन गाठायची असते. नंदुरबार गेलं, नवापूर आलं. तिथे फलाटाच्या मध्यातून दोन राज्यांची सीमा जाते. एकाच बाकाचं एक टोक महाराष्ट्रात, एक गुजरातेत. मग व्यारा, बारडोली, उधना. नव्या शहराला भिऊन गप्प बसलेल्या आप्पांना डब्यातल्या एका म्हाताऱ्याने धीर दिला होता, "तापीबी आठेच येस ना." तापीसुद्धा इथेच येते. मध्य प्रदेशात मुलताईला निघून, आमच्या खानदेशातून वाहत, उकाईच्या धरणात थांबून ७२४ किलोमीटरांवर ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. आप्पा आजही पुलावरून जाताना तिला हात जोडतात, गावाकडच्या कुणा वडीलधाऱ्याला जोडावेत तसे.

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली. आप्पाही त्याच गाडीने गावी गेले, आणि दोन महिन्यांनी त्याच गाडीने परत आले. पुढे लग्न झालं, माय आली. तिनेही तीच वाट धरली, हिरव्या चुड्याने, खिडकीशी बसून. मग दर आखाजीला माहेर, आणि परत. मी जन्मले, शिकले, वडोदऱ्याला गेले. आमच्या घराच्या साडीवर माझं हे शिक्षण म्हणजे एक बुट्टी म्हणून वर दिसतं. नातेवाइकांत त्याचं कौतुक होतं. तिकडे गावी आजोबांचं घर, विहीर, लिंबाचं झाड हीसुद्धा बुट्टी आहे. या दोहोंच्या मधली तीस वर्षं मागच्या बाजूने गेली. बारा तासांच्या पाळ्या, वहीतले हिशोब, ओट्यावरच्या दुपारी. ती कुणाला दिसत नाहीत. माझ्या पेट्यांतही ती दिसत नव्हती.

आता डिस्प्लेसाठी तीन कामं आहेत. पहिलं, रेघांचं: आलेखाच्या कागदांवर कापलेल्या धाग्यांच्या खऱ्या लांबीच्या रेघा, एका साडीतले सगळे धागे एका कागदमालेत. दुरून ते कापडासारखं दिसतं, जवळ गेल्यावर मोजदाद दिसते. दुसरं, वाटेचं: जळगाव ते उधना हा सुमारे तीनशे किलोमीटरांचा लोहमार्ग, एका किलोमीटरला एक सेंटीमीटर धरून, तीन मीटरांच्या आसपास लांबीच्या पांढऱ्या कापडावर. प्रत्येक स्टेशनाला एक छोटी बुट्टी भरतकामाने केली आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. मागचे धागे मी कापलेले नाहीत. हे काम भिंतीला लावायचं नाही, खोलीच्या मधोमध टांगायचं आहे. दारातून येणाऱ्याला आधी उलटी बाजू दिसेल.

के. जी. सुब्रमण्यन आमच्या विद्याशाखेतले मोठे शिक्षक. १९५९ ते १९६१ या काळात ते मुंबईत हातमाग मंडळात डिझाइनचं काम करत होते. त्यांच्याच विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी यांनी दोरांना गाठी मारत माणसाएवढी उंच शिल्पं उभी केली. धाग्याला कलेच्या खोलीत जागा मिळवून देणारी ही माणसं माझ्या आधी येऊन गेली आहेत, म्हणून मला ते भांडण पुन्हा भांडावं लागत नाही. माझी जबाबदारी वेगळी आहे. मायचं कष्टाचं आयुष्य उचलून, त्यावर दिवा सोडून, लोकांनी हळहळावं असं मला करायचं नाही. तिला हळहळ नको आहे. तिला काम येतं, आणि ते काम नीट पाहिलं जावं एवढंच मला हवं आहे. म्हणून तिच्या कात्रीचा, हातांचा एकही फोटो मी डिस्प्लेत ठेवलेला नाही. तिच्या एका वहीची पानं ठेवली आहेत, तिला विचारून. त्या पानांवरचं मोकळं अंतर ज्याला वाचता येईल तो वाचेल.

तिसरं काम सर्वांत सोपं आणि सर्वांत महागडं. न कापलेली एक आख्खी साडी. ती मिळवायला मी मार्केटात गेले तेव्हा दुकानदाराला कळेना, अशी अर्धवट साडी कुणाला कशाला हवी. शेवटी त्याने ती तयार साडीच्या पूर्ण भावाने दिली. घरी आणल्यावर मायने किंमत विचारली आणि कपाळावर हात नेला. "आजून व्हयनी नई, नी पैसा पुरा?" अजून झालीच नाही, आणि पैसे पूर्ण? मी म्हटलं, "माय, मला ती अशीच हवी." तिने कात्री उचलली नाही, पण दोन दिवस ती साडी तिला टोचत राहिली. न वाढलेल्या ताटाकडे पाहावं तशी ती येता-जाता तिच्याकडे पाहायची.

परवा रात्री मी सामान बांधत होते. साडी घरातल्या दोरीवर उलटी पसरली होती, मागे बल्ब होता. बुट्ट्या काळ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामधले धागे पिवळ्या उजेडात पेटल्यासारखे. माय जेवून हात पुसत आली. तिने तर्जनी एका काठाजवळच्या धाग्यावर ठेवली आणि चालवायला लागली. बुट्टीपाशी धागा कापडात शिरला, पलीकडे निघाला. तिचं बोटही थांबलं, मग पुढे गेलं. पुन्हा बुट्टी, पुन्हा वाट. या बोटांनी वीस वर्षांत किती धागे कापले असतील ते मोजता येणार नाही, पण एखाद्या धाग्याच्या मागे ती शेवटपर्यंत कधी गेली नव्हती. काम तशी सवड देत नाही. त्या रात्री ती गेली. दुसऱ्या काठाला पोचायला तिला उजवीकडे चार पावलं सरकावं लागलं. तिथे ती काही क्षण बोट ठेवून उभी राहिली.

"हाऊ धागा कितला चालस," ती म्हणाली.

किती चालतो हा धागा. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तेही उठून आले. त्यांनी संचावर आयुष्यभर हा धागा सोडला, तिने आयुष्यभर तो कापला, आणि दोघं त्याच्यासमोर एकत्र पहिल्यांदाच उभे होते. मी खाली बसले, पट्ट्यांचे कागद काढले, आणि पहिल्या ओळीतली कोरी जागा मायच्या शब्दांनी, अहिराणीत, जशीच्या तशी भरली. माध्यम लिहिलं. आकार लिहिण्यासाठी मी टेप घेऊन उठले, तर आप्पांनी ती माझ्या हातून घेतली, एक टोक मायकडे दिलं आणि दुसरं घेऊन स्वतः पलीकडच्या काठाकडे चालत गेले.